दाजी, तारेचा वाद

अक्का म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर चार बऱ्या गोष्टी लिही, मारामारीचं काही घालू नकोस. मग दाजी, मी लिहू तरी काय? तुमच्या-माझ्या ओळखीतला मारामारी नसलेला प्रसंग शोधायला बसलो, तर मागे मागे जात तुमच्या लग्नापर्यंत पोचलो; आणि तिथंही मानपानावरून तुम्ही बोहल्यावरून उतरून तुमच्याच मामाच्या अंगावर धावून गेला होतात, मुंडावळ्या कपाळावर तशाच. अक्का तेव्हा अंतरपाटामागून डोकावून बघत होती. आता ती म्हणते, तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तुमचं बारावं झालं, पाहुणे पांगले. घरात इतकी शांतता आहे, की गोठ्यातली म्हैस रवंथ करते ते माजघरात ऐकू येतं. तुमची गुळाची अडत, तुमचा आवाज, तुमचं ते दारातूनच ‘मास्तर, आलास व्हय फुकट जेवाय!’ असं स्वागत. मी शिवाजी पेठेतल्या एका शाळेचा ड्रॉइंग मास्तर. माझ्या हाताला रंगाशिवाय दुसरं काही कधी लागलेलं नाही. मेहुण्याची थट्टा करायचा दाजीला हक्क असतो. तुम्ही तो तोंडानं कमी आणि हातानं जास्त वसूल केलात. तरी सुट्टी लागली की मी तुमच्याच गावाची वाट धरायचो. आता सुट्टीचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आपलं मोठं भांडण काटेरी तारेचं. पण ते सुरू झालं ओढ्यात.

स्वराज्य आल्यानंतरची काही वर्षं. ‘जन्मानं चोर’ असा शिक्का मारून इंग्रजानं ज्या लोकांना तारेचं कुंपण घातलेल्या वसाहतीत कोंडलं होतं, त्यांना आपल्या सरकारनं सोडलं. माणसं बाहेर आली, पण बाहेर म्हणजे कुठं, हे कुणी सांगितलं नव्हतं. गाढवं, कोंबड्या, तान्ही पोरं घेऊन ती माळामाळावर पालं ठोकायची. त्या उन्हाळ्यात मी आंबे खायला तुमच्याकडं आलो होतो, आणि गावातलं कुणाचं तरी बोकड नाहीसं झालं.

पोरं काठ्या घेऊन माळावर गेली. मीही गेलो, टोपी सावरत, सगळ्यात मागे. पालं उपटली, मडकी फोडली. एका माणसाच्या नडगीवर काठी बसली तेव्हा वाळकं जळण मोडल्यासारखा आवाज आला. त्याचं नाव भीमशा, हे पुढं कळलं. त्याला काखेत धरून, बायकापोरांना ढकलत, सगळ्यांना शिवेवरच्या ओढ्यात घातलं. पलीकडच्या काठावर शेजारच्या, बाजाराच्या गावची माणसं आधीच उभी होती, हातात दगड घेऊन. म्हणजे इकडून काठ्या, तिकडून दगड, आणि मधे गुडघाभर पाण्यात ती माणसं. एका बाईच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि ती एका दमात दोन्ही काठांना शिव्या घालत होती. ती यल्लव्वा, भीमशाची बायको. अर्ध्या शिव्या कानडीत होत्या, म्हणून थोडक्यात निभावलं.

तेवढ्यात तुम्ही अडतीवरून धावत आलात. मी शहाण्यासारखा म्हणालो, ‘दाजी, पलीकडं गेली की आपल्याला काय? त्यांचं ते बघतील.’

माझी टोपी ओढ्यात पडली. टोपीच्या मागोमाग मी.

‘मरीआईचा गाडा हाय व्हय रं ह्यो?’ तुम्ही ओरडलात. ‘माझ्या शिवंवनं तुझ्या शिवंवर, तुझ्या शिवंवनं त्येच्या! माणसं हाईत की ही!’

आता शहरात वाढलेल्या पोरांना हे सांगावं लागतं. पटकीची साथ आली की गाव लाकडाचा छोटा गाडा करतं, त्यात मरीआईला बसवतं, हिरव्या बांगड्या, नारळ, कुंकू वाहतं आणि हलगी वाजवत गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतं. रोगराई तिकडं गेली, आपण सुटलो. पलीकडचं गाव तो गाडा आणखी पुढं ढकलतं. गाडा शेवटी कुठं जातो, हे कुणी विचारत नाही.

मग तुम्ही पाण्यात उतरलात, तुमचा सख्खा पुतण्या बाळू सगळ्यांच्या पुढं होता, त्याच्या हातातली काठी हिसकावलीत आणि ती मोडेपर्यंत त्याच्या पाठीवर घातलीत. दाजी, तुमच्याइतका दयाळू माणूस मी पाहिला नाही, आणि दयेपायी इतकी माणसं जखमी करणाराही पाहिला नाही. बाळूच्या पाठीवरचे वळ महिनाभर होते. मनातले किती दिवस होते, ते पुढं दिसलं.

तुमचं म्हणणं साधं होतं. एका गावानं या लोकांना घरं दिली, तर भोवतालची गावं आपल्या शिवेतली पालंही तिकडंच हाकलणार. म्हणून कुणीच पहिलं पाऊल टाकत नाही. तेव्हा तिन्ही गावांनी एकदम वर्गणी काढायची: तुमचं गाव, बाजाराचं गाव आणि जोतिबाच्या वाटेवरचं वरचं गाव. वरच्या गावच्या देवळात बैठक भरली. प्रत्येक गाव म्हणालं, ही माणसं आमची नव्हेत. तुम्ही म्हणालात, ‘कुणाचीच न्हवं, म्हणून समद्यांची.’ कुणी हललं नाही. तेव्हा तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढून पसरलंत.

गुळाच्या सौद्यात अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला काही कळत नाही. तीच रीत तुम्ही वर्गणीला लावलीत. गावच्या पंचानं कापडाखाली हात घालायचा, आपला आकडा तुमच्या बोटांत सांगायचा. थोडं देणाऱ्याला लाज नाही, जास्त देणाऱ्याला मिरवायला जागा नाही. वरच्या गावचा पंच हसत हसत बसला, हात आत घातला, आणि त्याचा चेहरा एकदम पिळवटला.

‘आप्पा, बोट! बोट मोडंल! देतो म्हटलं न्हवं!’ तो तुम्हाला म्हणाला.

‘म्हटलास कवा?’

‘आत्ता म्हटलो की!’

देवळात हशा पिकला. त्या हशात बाकीच्यांनीही हात घातले. दानधर्म असा रेटून काढता येतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

जागेवरून पुन्हा रण पेटलं. कुणालाच आपल्या शिवेत वस्ती नको होती. मग तुम्ही तोडगा काढलात: तिन्ही शिवा जिथं मिळतात त्या माळावर घरं बांधायची. तिघांची माणसं, तिघांच्या शिवेवर. मी नकाशा काढला. ओसरी काढली, कोनाडे काढले, दारात रांगोळीसुद्धा काढली. यल्लव्वानं नकाशा उलटा धरून बघितला आणि विचारलं, ‘मास्तर, चूल कुठाय?’ चूल राहिली होती.

आणि इथं आपण चुकलो, दाजी. आपण म्हणजे तुम्ही. पण गेलेल्या माणसाला एकटं पाडू नये. पैसे भिंतींपुरते होते, चौकटींना लाकूड नव्हतं. आणि त्या माळावर लाकूड पडलं होतं. तिन्ही गावांनी साथीसाथीला आणून सोडलेले मरीआईचे गाडे तिथंच येऊन थांबले होते, कारण पुढं ढकलायला शीवच नव्हती. काही कुजलेले, काही धड. तुम्ही अडतीवर गुळाच्या ढेपेखालचं गवतसुद्धा वाया जाऊ देत नव्हतात. ‘फोडा,’ म्हणालात. ‘वाळल्याली बाभळ हाय. देवी गेली कवाच, लाकूड ऱ्हायलंय.’

यल्लव्वानं कुऱ्हाड खाली ठेवली. ‘देवी तुमची, मालक. पयला घाव तुमीच घाला.’

तुम्ही घातलात. पुढं त्या लाकडाच्या चौकटी झाल्या आणि गाड्यांची चाकं खिडक्यांना बसवली, हवा येईल म्हणून. वर उसाच्या पाल्याचं छप्पर पडलं. लांबून वस्ती चित्रातल्यासारखी दिसायची. खरं सांगतो, माझ्या चित्रापेक्षा बरी.

पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. तिन्ही गावांत माणसं मेली. तिन्ही गावांनी नवे गाडे केले आणि भर दुपारी हलग्या वाजवत माळावर आले. गाडे सोडायला आलेल्या माणसांनी समोर पाहिलं, तर देवीच्या जुन्या गाड्याचं चाक खिडकीला, आणि चौकटीच्या लाकडावर जुनं कुंकू तसंच. हलग्या थांबल्या. दाजी, मी त्या दिवशी चुन्याचा रंग घेऊन भिंती रंगवायला आलो होतो. हलगी थांबल्यावर जी शांतता पडली, ती मला पुढच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा भयंकर वाटली.

कुणीतरी ‘देवी फोडली!’ म्हणून किंचाळलं. मला कुणीतरी छातीवर ढकललं आणि मी विटांसाठी माती कालवलेल्या खाचेत कमरेपर्यंत रुतलो. जे पाहिलं ते तिथून पाहिलं. पेटलेली चूड छपरावर पडली आणि पाला एका फुंकरीत धडाडला. दार उघडून बाहेर येणाऱ्याला काठी बसत होती. गाढवं दोरखंडासकट उधळली. एका म्हाताऱ्याला दोघांनी केसांना धरून फरपटलं. यल्लव्वा जळत्या दारात दोनदा शिरली आणि दोनदा बाहेर आली, हातांची कातडी लोंबत. नडगी मोडल्यापासून भीमशाला धड चालता येत नव्हतं. तो आतच राहिला. थोडा वेळ त्याचा आवाज येत होता. मग नुसता आगीचा.

तुम्ही बैलगाडीतून उडी टाकून आलात. तुमच्या हातात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, कारण तसं तुम्हाला मी पहिल्यांदाच बघत होतो. तुम्ही गर्दीच्या मधोमध उभे राहिलात.

‘गाडं मी फोडलं! पयला घाव माझा! त्यांना सोडा, मला मारा!’

आणि लोकांनी तुमचं ऐकलं. गावानं तुमचं इतक्या मुकाट्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बाळू पुढं आला. दोघांनी तुमचा उजवा हात जमिनीवर दाबून धरला. ‘ह्याच हातानं न्हवं, काका?’ असं तो म्हणाला. ‘काका’ म्हणाला, दाजी. तेवढी रीत त्यानं पाळली. मग कुदळीचा दांडा बोटांवर हाणला. पुन्हा हाणला. तुम्ही ओरडला नाहीत. मी ओरडत होतो, खाचेतून, तोंडात माती.

फौजदार आला तेव्हा तिन्ही गावांतला झाडून सगळा माणूस त्या दुपारी शेतात होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही खाटेवरूनच माझ्याकडं असं बघितलंत की ते आपोआप मिटलं. ‘गाडीतनं पडलो,’ तुम्ही सांगितलंत. अक्कानं तिथंच भांडं आपटलं. फौजदार गेल्यावर तिनं विचारलं, पुतण्याची एवढी माया कधीपासून आली?

‘माया घाल चुलीत,’ तुम्ही म्हणालात. ‘बाळू आत गेला तर गाव पुन्यांदा उपरण्याखाली हात घालंल व्हय? भिताडं कोण बांधणार?’

ती तुमची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. सौद्याला बसलात की व्यापारी कापडाखाली चाचपडायचे आणि चुकीचा भाव समजायचे. तुम्ही डाव्या हातानं शिकलात. मला म्हणालात, ‘डावा हात अजून थपडंला तयार न्हाय, तंवर मजा कर.’ मी हसलो होतो. त्या रात्री जेवताना तुम्हाला भाकरी मोडता येईना, आणि अक्कानं ती मोडून दिली, तेव्हा तुम्ही दोघंही ताटाकडंच बघत होतात. मी पाणी प्यायला म्हणून उठलो.

गावांनी पुन्हा वर्गणी दिली. भीतीनं दिली की लाजेनं, तुम्ही विचारलं नाहीत. वस्ती तिथंच हवी, असं यल्लव्वानं ठणकावलं. ‘माझा माणूस हितं हाय. मी कुठं जाऊ?’ भिंती उभ्या राहिल्या. पण कौलांचे पैसे गावांनी अडवून धरले. बाळू तोवर गावचा पुढारी झाला होता. त्याची अट होती, वस्तीभोवती काटेरी तार घालायची आणि एकच फाटक ठेवायचं. तार आधी, कौलं नंतर. तोवर छपराला पुन्हा तोच उसाचा पाला, एका चुडीत जाणारा.

आणि आपलं भांडण जुंपलं. मी म्हणायचो, घाला तार. कौल जळत नाही, दाजी. तारेनं कुणाचा जीव जात नाही, पाल्यानं जातो. शिवाय तार असली तर चूड घेऊन येणारा बाहेरच अडेल. तुम्ही म्हणायचात, ‘भाईरचा कात्री घिऊन येतो, मास्तर. तार आतल्याला अडवती. तारंतनं सुटल्याल्या माणसाला मी तारंत घालू?’ दर भाऊबिजेला ओवाळून झालं की हेच. एकदा मी बोलून गेलो, ‘भीमशा तारेत होता तेव्हा जिवंत तरी होता.’ तांब्या माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळून चेपला. तुम्ही अंगणात जाऊन बसलात. मीही मागून आलो. तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं होतं, दाजी? तुमचे ओठ हलले होते. मी विचारलं नाही, कारण तुम्ही रडत असाल अशी मला भीती वाटली आणि तसल्या तुमच्याशी कसं वागायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

यंदाही पाला तसाच राहिला, आणि तुम्ही गेलात.

बाराव्यानंतर बाजाराच्या गावात शोकसभा झाली. अध्यक्ष बाळू. तो तुम्हाला शांत म्हणाला, संयमी म्हणाला, मितभाषी म्हणाला. शेजारी बसलेली अक्का पदराआडून पुटपुटली, ‘कुणाचं बोलालाय ह्यो?’ मला हसू येत होतं, ते आवरत होतो, तेवढ्यात बाळूनं जाहीर केलं की काकांचं स्मारक म्हणून तिन्ही गावं मिळून वस्तीला तार घालणार आहेत, आणि फाटकावर लोखंडी कमान उभारून तीवर तुमचं नाव घालणार आहेत. टाळ्या पडल्या.

दाजी, तारेच्या बाजूनं सगळा जन्म मी भांडलो. टाळी वाजवायचा पहिला हक्क माझाच होता. पण मी उठलो, चालत गेलो आणि हातातली छत्री बाळूच्या डोक्यात घातली. म्हणजे घालणार होतो. ती मधेच उघडली. आयुष्यात उगारलेला माझा पहिला हात, आणि माणसं हसायला लागली. मग बाळूची पोरं उठली आणि हसू थांबलं. माझे पुढचे दात तिथंच गेले. बरगडीत लाथ बसली तेव्हा मला कळलं की मार खाताना माणसाला काही सुचत नाही. तुम्हाला त्या दिवशी ‘त्यांना सोडा’ हे कसं सुचलं असेल?

‘बाळू!’

अक्का उभी राहिली होती. तिचा आवाज मोठा नव्हता.

‘त्यांचा हात मोडलास, मी गप बसलो. त्यांनी गप बसीवलंतं. भीमशाच्या छपरावर चूड कुणी टाकली तेबी मला ठावं हाय, त्यांनी सांगितलंय. आता ते न्हाईत. मला गप बसवणारं कोण ऱ्हायलं न्हाय. जाऊ का फौजदाराकडं?’

बाळूनं भाषणाचा कागद घडी घालून खिशात घातला. तो सभेकडं बघत होता, सभा जमिनीकडं.

‘काकी, घरात बसून बोलू की.’

‘हितंच बोल. कौलं कवा टाकतोस?’

कौलं आठवड्यात आली, कमानीशिवाय. पण तारेची बंडलं गावांनी आधीच विकत आणली होती, तीही एका गाडीतून वस्तीवर येऊन पडली. घालायची का परत पाठवायची, ते तुम्ही ठरवा, असा अक्काला निरोप. अक्का मला म्हणाली, कौलं पडली, आता तार पडली तरी काय बिघडतं? बाळूसारखी माणसं आहेत तोवर असलेली बरी. ती माझंच म्हणणं मांडत होती, आणि मी तोंड सुजलेलं असताना तुमचं मांडत होतो: भाईरचा कात्री घिऊन येतो, वगैरे. पण तुमची वाक्यं शांतपणे बोलली की लंगडी पडतात. मी हरत होतो. शेवटी अक्का म्हणाली, चल, यल्लव्वालाच विचारू.

ती छपरावर होती. भाजलेल्या, आखडलेल्या हातांनी कौलं लावत होती आणि खालून कौल देणाऱ्या सुनेला वाटेल ते बोलत होती. मी खालून विचारलं. तारेबद्दल तिला कुणी काही विचारत होतं, ते पहिल्यांदाच.

‘लई लौकर आलासा इचारायला, मास्तर,’ ती वरून म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून, ‘दात कुठं सांडलं?’

‘सभेत.’

‘बरं झालं. आता कमी बोलशीला.’ तिनं एक कौल बसवलं, दाबून बघितलं. ‘तार नगं.’

‘पण यल्लव्वा, चूड घेऊन कुणी आलं तर तार...’

‘आलतं की!’ ती एकदम ओरडली. ‘आलतं न्हवं? तवा मी पोरांस्नी काय सांगितलंतं? पळा म्हनलं. पळाली. कुणी उसात, कुणी वढ्यात, फुटंल तिकडं पळाली. एक माझा माणूस सोडला तर कोण मेलं? तार असती आन् एक फाटक असतं, तर फाटकात बाळ्या उभा ऱ्हायला असता. समदी हितंच जळली असती. येवढं तुमास्नी कळंना व्हय, शिकलेल्या माणसांस्नी?’

सुनेनं पुढचं कौल वर दिलं. यल्लव्वानं ते घेतलं आणि आमच्याकडं पाठ केली.

अक्का आणि मी बांधावरून परत आलो. अर्ध्या वाटेवर ती थांबली, तुमच्या अडतीच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाली, ‘हे त्यांना कळलं असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं.’ घेतलंच असतं, दाजी. तुमचं बरोबर होतं, पण इतकी वर्षं भांडूनही हे कारण तुम्हाला सुचलं नाही आणि मला तर नाहीच. मी घरी येऊन तोंड धुतलं, दुखऱ्या हिरड्यांवर हळद लावली. आता तुमच्याशी भांडायला माझ्याकडं काही उरलेलं नाही, आणि येत्या भाऊबिजेला मी तुमच्या ओसरीवर बसून काय करणार आहे, हे मला खरंच समजत नाही.